दोन चौकटींमधला बाण

सामाजिक कार्यक्रमाचा आराखडा भिंतीवर लागला की सगळ्यांची नजर चौकटींवर जाते. डावीकडे पैसा, माणसं, साहित्य. मग प्रशिक्षणं, मेळावे, गृहभेटी. मग किती जणांपर्यंत पोचलो त्याचे आकडे. आणि उजव्या टोकाला, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला तो बदल : मुलं शाळेत टिकली, बाळं जगली, मे महिन्यातही विहिरीला पाणी राहिलं. प्रत्येक चौकटीला कुणी ना कुणी वाली असतो. पैशाची चौकट हिशेबनीसाला पाठ असते, उपक्रमांची कार्यकर्त्यांना, शेवटची देणगीदाराला. मधल्या बाणांना मात्र वाली नसतो. स्केचपेनने ते सरळ ओढले जातात आणि पुढे तीन वर्षं त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही.

संस्थांना त्यांच्या कामाचे आराखडे करायला मदत करणं हा माझा व्यवसाय आहे. देणगीदारांच्या कागदावर याला 'थिअरी ऑफ चेंज' म्हणतात, सरकारी प्रस्तावात 'लॉगफ्रेम' मागतात, गावातल्या बैठकीत आम्ही नुसतं 'नकाशा काढू या' म्हणतो. नाव काहीही असो, काम एकच : आपण जे करणार आहोत त्यातून जे व्हायला हवं ते नेमकं कसं होईल, हे पायरीपायरीने मांडणं. हे करता करता माझी एक खात्री झाली आहे. कार्यक्रमाचं बरंवाईट बाणांवर ठरतं. प्रत्येक बाणावर एक माणूस उभा असतो आणि त्याने काहीतरी वेगळं केल्याशिवाय पुढची चौकट येत नाही. तो माणूस कोण, ते करणं त्याला परवडेल का, आणि मुळात ते त्याच्या हातात आहे का, हे शोधून काढणं म्हणजे नियोजन.

बसण्याची आमची रीत साधी आहे. भिंतीवर ब्राउन पेपर, हातात रंगीत चिठ्ठ्या, जाड मार्कर. सुरुवात नेहमी उजवीकडून. पाच वर्षांनी कुणाच्या आयुष्यात काय वेगळं दिसायला हवं, ते आधी लिहायचं. मग मागे यायचं : हे व्हायचं तर त्याच्या आधी काय झालेलं असायला हवं? आणि त्याच्याही आधी? असं मागे मागे येत आपल्या संस्थेच्या दारात पोचायचं. डावीकडून सुरुवात केली तर आपल्याला जे करता येतं तेच आपण मांडत जातो. ज्यांच्याकडे चांगले प्रशिक्षक असतात त्यांना सगळ्या प्रश्नांचं उत्तर प्रशिक्षण वाटतं, ज्यांच्याकडे पथनाट्याचा चमू असतो त्यांना पथनाट्य. उजवीकडून आलं की ही सवय मोडते, कारण काही वेळा मागे येता येता आपण आपल्या दारात पोचतच नाही, दुसऱ्याच कुणाच्या दारात पोचतो.

चिठ्ठी लिहायचा एक नियम मी कधी सोडत नाही. चिठ्ठीवर कर्ता हवा आणि क्रियापद हवं. 'जनजागृती', 'सक्षमीकरण', 'क्षमताबांधणी', 'लोकसहभाग' या शब्दांच्या चिठ्ठ्या मी परत देते. या शब्दांशी माझं भांडण नाही. त्यांच्यामागे मोठ्या चळवळी उभ्या आहेत. पण 'महिलांचं सक्षमीकरण' अशी चिठ्ठी लागली की तिच्यामागे कोण काय करणार आहे ते दिसेनासं होतं. मग मी विचारते, ह्या बाया सक्षम झाल्या हे उद्या सकाळी कशावरून ओळखायचं? खोलीत थोडी चुळबुळ होते आणि मग खरी वाक्यं यायला लागतात. 'ग्रामसभेत पाणीपट्टीचा हिशेब बचत गटाच्या बाया मागतील.' 'नवऱ्याला न विचारता ती दवाखान्यात जाईल.' या दोन वाक्यांकडे जाणारे रस्ते अगदी वेगळे आहेत. एका शब्दाखाली ते दोन्ही झाकले गेले होते.

बाण कसा उघडतो ते एका बैठकीवरून सांगते. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावच्या शाळेत आम्ही बसलो होतो. प्रश्न ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, त्या साखर कारखाने बंद होईपर्यंत परतत नाहीत. शाळेचं निम्मं वर्ष फडात जातं. त्यावरचा उपाय म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालवायचं, आई-बाप तोडीला गेले तरी मुलांनी इथेच राहून शिकायचं, अशी कल्पना होती. तरुण कार्यकर्त्यांनी नकाशा झटपट लावला : वसतिगृह सुरू होईल, मुलं गावात राहतील, वर्ष बुडणार नाही, दहावीपर्यंत टिकतील. चार चिठ्ठ्या, तीन बाण. शिक्षकांनी माना डोलावल्या.

मी पहिल्या बाणावर बोट ठेवलं. मूल मागे ठेवायचं की सोबत न्यायचं, हे घरात कोण ठरवतं आणि कधी ठरवतं? कुणी म्हणालं बाप, कुणी म्हणालं दोघं मिळून. मागे बसलेली एक बाई, जी दर हंगामाला तोडीला जाते, ती म्हणाली, "थोरली हितं ऱ्हायली तर धाकल्याला फडात कोण बघील? त्याला पाचटात टाकून मी मोळ्या बांधू का?" 

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दोघांच्या नावावर घेतलेली असते. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पहाटे कधी गाडी भरायला बोलावतील याचा नेम नाही. अशा वेळी कोपीवरचं, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतलं, तान्हं मूल, चूल आणि पाणी दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर असतं. ती मुलगी सोबत आल्याशिवाय आईला कामच करता येत नाही. मुलीच्या शाळेचं महत्त्व आईला कळत नाही असं मुळीच नव्हतं. वसतिगृह कितीही चांगलं काढलं, त्यात पलंग, दूध, शिकवणी सगळं दिलं, तरी धाकट्याला कोण सांभाळणार याचं उत्तर त्यात नव्हतं.

मग एक आजी बोलली. लहान नातू मागे ठेवायला तिची ना नव्हती. पण तेरा-चौदा वर्षांच्या नातीचं काय? "दिसभर शाळा हाय, जेवण हाय, समदं बराबर. पर रातच्याला तिची राखण म्या करायची. काय झालं तर गाव मला इचारील." याच भीतीपोटी अनेक मुलींचं लग्न हंगामाच्या आधी उरकलं जातं आणि पुढच्या वर्षी ती मुलगी नव्या कोयत्यातली एक होऊन फडात जाते.

त्या दुपारी 'मुलं' ही एक चिठ्ठी फाडून आम्ही तीन चिठ्ठ्या केल्या. आजीपाशी सहज राहू शकतील अशी लहान मुलं. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुली. आणि वयात येणाऱ्या मुली, ज्यांच्याबाबत आई-बापाला शाळेआधी रात्रीची चिंता आहे. तिघांचे बाण तीन निघाले. पहिल्यांसाठी जेवणाची आणि अभ्यासाची सोय पुरेशी होती. तिसऱ्यांसाठी रात्री मुक्कामाला गावातलीच खात्रीची बाई हवी होती, आणि ती बाई मुलींच्या आयांनी निवडलेली असायला हवी होती. दुसऱ्यांसाठी पाळणाघर हवं होतं, तेही इथे नव्हे, दोनशे-तीनशे किलोमीटरवर, जिथे कोप्या पडतात तिथे. म्हणजे बीडमधल्या वसतिगृहाची किल्ली सांगली-कोल्हापूरच्या फडात होती. तिथे काम करणारी दुसरी संस्था गाठल्याशिवाय हा नकाशा पुरा होणार नव्हता.

आणि एक गोष्ट वेळेची. घराचा निर्णय दिवाळीत होत नाही. मुकादमाकडून उचल घेतली जाते तेव्हाच कोण जाणार, किती कोयते, हे मनात ठरलेलं असतं. त्यामुळे आयांशी बोलणं पावसाळ्यातच व्हायला हवं. नकाशाच्या खाली आम्ही बारा महिन्यांची पट्टी ओढली आणि प्रत्येक बाण कुठल्या महिन्यात घडायला हवा ते त्यावर लिहिलं. तेव्हापासून मी कुठलाही नकाशा अशा पट्टीशिवाय पुरा मानत नाही. योग्य गोष्ट चुकीच्या महिन्यात केली तर ती न केल्यासारखीच असते.

'कशावरून?' हा प्रश्न महाराष्ट्रात कुणा परदेशी सल्लागाराने आणलेला नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन केलं ते माझ्या मते आपल्याकडचं या विषयावरचं पहिलं मोठं काम आहे. इंग्रज सरकारचं शिक्षणाचं धोरण तेव्हा एका बाणावर उभं होतं. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण द्यायचं, त्यांच्याकडून ते झिरपत खाली बहुजनांपर्यंत जाईल. फुल्यांनी नेमका तो बाण धरला. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो तो वरच्यांच्या शिक्षणावर. मग हे शिकलेले लोक आपल्या अडाणी देशबांधवांसाठी काय करताहेत? त्यांनी आपल्या घरी किंवा इतरत्र कुठे त्यांच्यासाठी वर्ग काढले का? या प्रश्नाला आयोगाकडे उत्तर नव्हतं, कारण वरच्यांना तसं करण्याचं काही कारणच नव्हतं. ज्याच्या हिताविरुद्ध आहे ते तो आपणहून करील, असं या धोरणाने गृहीत धरलं होतं.

फुले तिथे थांबले नाहीत. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं त्यांनी सुचवलं. शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, ज्यांना लोकांत मिसळायला संकोच वाटणार नाही, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज वाटणार नाही, असं सांगितलं. शाळा निघाली म्हणजे शूद्रातिशूद्रांची मुलं तिथे येतील असं त्यांनी धरून ठेवलं नाही. मूल आणि शाळा यांच्यामध्ये शिक्षक उभा आहे, तो परका असेल तर मूल येणार नाही, आलं तर टिकणार नाही, हे त्यांनी सांगितलं. सावित्रीबाईंसह १८४८ पासून शाळा चालवलेल्या माणसाला बाण कुठे तुटतो हे वाचून कळलेलं नव्हतं. निवेदनाच्या पुढच्याच वर्षी लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या आरंभी त्यांनी विद्येच्या अभावापासून शूद्रांच्या दैन्यापर्यंतची साखळी मांडली, ती महाराष्ट्रात पोरासोरांनाही ठाऊक आहे. एका कडीतून दुसरी कडी कशी निघते हे इतक्या थोडक्यात सांगणारी मांडणी मला दुसरी माहीत नाही.

साखळी नीट बांधली तर काय होतं, हे गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळांच्या मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला तेव्हा उपाय सांगायला सोपा होता : आजारी बाळाला दवाखान्यात न्या. पण त्या बाणावर उभी असलेली माणसं पाहिली तर तो लागू पडत नव्हता. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर काढायचं नाही अशी रीत, दवाखाना लांब, हाताशी पैसा नाही, आणि बाळ आजारी आहे हे ओळखायलाच उशीर. म्हणून त्यांनी आधी गावोगाव जन्मलेल्या बाळांना घरी जाऊन पाहिलं. कोणतं बाळ कशाने आजारी पडतं, कशाने दगावतं, ते नोंदवलं. जंतुसंसर्ग, कमी वजन, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः श्वास न घेणं, अंग गार पडणं : कारणं हाती आली. मग त्या प्रत्येक कारणापाशी गावातच कोण उभं राहू शकतं, हा प्रश्न विचारला गेला. त्यातून गावातल्याच थोडं शिकलेल्या स्त्रिया आरोग्यदूत म्हणून तयार झाल्या. बाळाला ऊब देणं, वजन करणं, आईला पाजायला मदत करणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं इथपर्यंत त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम झालं, ४७ गावांशी तुलना झाली. त्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आलं. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला.

या कामातली मला सर्वांत शिकवून गेलेली वस्तू त्याच्याही आधीची, न्यूमोनियाच्या कार्यक्रमातली आहे : श्वास मोजायचं साधन. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास चालतात ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त असतील तर धोका. पण गावच्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. आराखड्यात इथे 'सुइणींचं प्रशिक्षण' अशी चौकट टाकून पुढे जाणं सहज शक्य होतं. त्याऐवजी मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी असं साधन केलं गेलं. दहा श्वास मोजून झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की बाळाला न्यूमोनिया आहे असं समजून औषध सुरू करायचं. दहापर्यंत सगळ्यांनाच मोजता येतं. 'सुईण श्वास मोजेल' आणि 'सुईण आजार ओळखेल' या दोन चौकटींमधला बाण त्या मण्यांनी जोडला. कुणाला तरी सुइणींचे हात आणि त्यांची मोजण्याची रीत बारकाईने पाहावी लागली, तेव्हा हे सुचलं. आराखडा करणाऱ्याला मी याच नजरेने पाहायला सांगते.

पुढे २०११ पासून ही घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभर आशा कार्यकर्तींकडे आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीही. इथेही बाण तोच आहे आणि तो तितकाच नाजूक आहे. भेट झाली हे फॉर्मवर भरता येतं. त्या भेटीत बाळाचं दुपटं सोडून छातीकडे मिनिटभर पाहिलं गेलं का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आशाताईंच्या कामावर आराखडा करताना मी भेटींच्या संख्येच्या पुढे एक प्रश्न नेहमी लावते : गेल्या महिन्यात किती बाळांना तुम्ही पुढे पाठवलं, आणि पाठवायला हवं असं तुम्हाला कशावरून वाटलं? उत्तर तपशिलात आलं तर बाण शाबूत आहे.

एका ठिकाणी टिकलेला बाण दुसरीकडे टिकेल असंही नाही. तामिळनाडूत १९८० साली जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक पोषण प्रकल्प सुरू झाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांची दर महिन्याला वजनं, वाढ खुंटलेल्यांना काही काळ पूरक आहार, आणि आयांना आहाराविषयी सल्ला. त्याचं कौतुक झालं. त्याच धर्तीवर १९९५ मध्ये बांगलादेशात तसा प्रकल्प निघाला. आयांपर्यंत माहिती पोचली, त्यांच्या सांगण्यात ती दिसलीही. पण मुलांच्या पोषणात अपेक्षित फरक पडला नाही. जागतिक बँकेच्याच मूल्यमापनातून पुढे आलं ते असं : बांगलादेशातल्या खेड्यांत बाजार पुरुष करतो आणि एकत्र कुटुंबात स्वयंपाकघरावर सत्ता सासूची असते. ज्या सुनेला सगळं शिकवलं होतं, तिच्या हातात ना पिशवी होती ना डाव. शिवाय मुलाला केंद्रावर आहार मिळतो म्हटल्यावर काही घरांत त्याच्या वाट्याचं घरचं अन्न कमी झालं.

आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला हे ऐकून नवल वाटणार नाही. मी हे उदाहरण अंगणवाडी सेविकांच्या गटात सांगते तेव्हा त्यांच्यातली एखादी लगेच म्हणते, मग आम्ही इथे सासवांची बैठक का घेत नाही? कार्यक्रम उचलून आणताना उपक्रम उचलले जातात. तिथे तो बाण ज्या माणसांनी तोलून धरला होता ती माणसं आणि त्यांचे आपसातले नातेसंबंध मागे राहतात. म्हणून 'हे अमुक राज्यात यशस्वी झालं आहे' असं कुणी म्हटलं की मी विचारते, तिथे त्या बाणावर कोण उभं होतं, आणि इथे त्या जागी कोण आहे?

बाण पक्के असले तरी गळती असतेच, आणि तिचा हिशेब आधीच मांडायला हवा. समजा नकाशात एकामागून एक पाच बाण आहेत आणि प्रत्येक बाण दहातल्या आठ जणांपुरता टिकतो. ऐकायला हे फार चांगलं वाटतं. पण शंभरांतून सुरुवात केली तर पहिल्यानंतर ८०, मग ६४, मग ५१, मग ४१ आणि शेवटी ३३. कॅनॉलचं पाणी जसं टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचता पोचता धारेवर येतं, तसंच. हा हिशेब मी कुणाचा उत्साह मोडायला मांडत नाही. त्यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. साखळी जितकी आखूड करता येईल तितकी करा. आणि सगळ्यांत कच्चा बाण कोणता ते ओळखून पैसा आणि माणसं तिथे लावा. बहुतेक संस्था आपल्याला सगळ्यांत छान जमतं ते आणखी छान करत बसतात. नव्वद टक्के टिकणारा बाण पंचाण्णववर नेल्याने शेवटच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. तीस टक्क्यांचा बाण साठवर नेला तर तो आकडा दुप्पट होतो.

पाणलोटाच्या कामात हे फार स्पष्ट दिसतं. समतल चर खणले, नाल्याला बांध घातले, पाणी अडलं, जिरलं. इथपर्यंतचे बाण निसर्ग आणि श्रमदान मिळून सांभाळतात. 'पाणी जिरलं' आणि 'उन्हाळ्यात पाणी राहिलं' यांच्यामधल्या बाणावर मात्र गावातला प्रत्येक शेतकरी आपापली बोअर घेऊन उभा असतो. पाणी वाढलं की ऊस येतो आणि दोन-तीन वर्षांत गाव पुन्हा टँकरवर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने जे केलं, त्यातलं बंधाऱ्यांचं काम सगळे पाहायला जातात. मला मोलाचे वाटतात ते गावाने स्वतःवर घालून घेतलेले नियम : शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, आणि पाऊस किती पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. तो एक बाण अख्ख्या गावाने मिळून धरून ठेवला आहे. ज्या गावांनी बंधारे नेले आणि नियम नेले नाहीत, त्यांनी चौकटी नेल्या आणि बाण तिथेच ठेवला.

हे सगळं मांडायचं साधन जगाला नवं नाही. १९६९ मध्ये अमेरिकेच्या 'यूएसएड' या मदतसंस्थेसाठी लॉगफ्रेम तयार झाली : चार ओळी, चार रकाने. शेवटचा रकाना गृहीतकांचा. बाण राहतात ते त्या रकान्यात. आणि प्रस्ताव लिहिताना सगळ्यांत शेवटी, रात्री उशिरा भरला जातो तोही तोच. 'पाऊसमान चांगलं राहील', 'शासनाचं सहकार्य मिळेल', असं काहीतरी लिहून तो बंद केला जातो. मूल्यमापनाच्या अभ्यासक कॅरोल वाइस यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं : गुंतागुंतीच्या सामाजिक कार्यक्रमांचं मूल्यमापन अवघड जातं, कारण बदल कसा घडणार आहे याबद्दलची गृहीतकं मुळात नीट मांडलेलीच नसतात, सुरुवात आणि शेवट यांच्या मधल्या पायऱ्यांकडे लक्षच नसतं. पुढे देणगीदारांनी हे मनावर घेतलं, ते चांगलं झालं. पण मनावर घेता घेता त्याचा फॉर्म झाला आणि फॉर्म भरणं हे वेगळंच कौशल्य होऊन बसलं. संस्थेच्या कचेरीत एकजण लॅपटॉपवर नकाशा करतो, फील्डवरचे कार्यकर्ते तो पहिल्यांदा पाहतात ते वार्षिक अहवालात. असा नकाशा कितीही देखणा असला तरी मला तो रिकामा वाटतो.

म्हणून मी तीन गोष्टींवर हटून बसते. पहिली, प्रत्येक बाणावर एक वाक्य लिहिलेलं हवं : कोण, काय करेल, आणि ते करणं त्याला का परवडेल. दुसरी, मोजमाप बाणांचंही हवं. वसतिगृहात किती मुलं राहिली हे जानेवारीत कळून उपयोग नसतो. दसऱ्याला किती आयांनी धाकट्याची सोय लागल्याचं सांगितलं, हे कळलं तर अजून काही करता येतं. तिसरी, दर हंगामानंतर नकाशा त्याच माणसांसमोर पुन्हा लावायचा आणि न टिकलेल्या बाणांवर लाल रेघ मारायची. कुणी चुकलं म्हणून नव्हे; आपल्याला आता गेल्या वर्षीपेक्षा जास्त कळलं आहे म्हणून. चांगला देणगीदार त्या लाल रेघांना घाबरत नाही. वाईट नकाशाची खूण मी तीच मानते की तीन वर्षांनीही त्यावर एक लाल रेघ नसते.

या सगळ्याबद्दल मला इतकं तळमळीने का वाटतं? न टिकणाऱ्या बाणाची किंमत आराखडा करणारा भरत नाही. प्रकल्प संपतो, संस्था दुसऱ्या प्रकल्पाला लागते, अहवालात 'अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही' असं वाक्य येतं. किंमत भरते ती ज्या बाईने आपली मजुरी बुडवून बैठकांना हजेरी लावली ती. ज्या मुलीचं वर्ष पुन्हा फडात गेलं ती. आणि वर त्यांच्यावरच ठपका येतो की 'लोकांनाच बदल नको असतो'. माझ्या अनुभवात हे वाक्य जवळजवळ नेहमीच खोटं ठरलं आहे. लोकांना काय शक्य आहे आणि काय नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी आधी कळलेलं असतं. त्यांना विचारलं गेलेलं नसतं, इतकंच.

म्हणून नकाशावर शेवटचा अधिकार कुणाचा, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. बाणावर जो उभा आहे त्याला तो बाण पुसायचा हक्क हवा. मुलीला मागे ठेवणं जमणार नाही असं म्हणणाऱ्या आईचं म्हणणं मी अडथळा म्हणून नोंदवत नाही, आराखड्यातली दुरुस्ती म्हणून नोंदवते. कार्यक्रमाचा पहिला रुपया खर्च होण्याआधी ही दुरुस्ती झाली तर ती जवळजवळ फुकटात होते. पावसाळ्यातली एक बैठक, भिंतीवरचा ब्राउन पेपर आणि ऐकून घ्यायची तयारी, एवढाच तिचा खर्च. एवढा खर्च कुठल्याही संस्थेला, कुठल्याही सरकारी खात्याला परवडला पाहिजे.